आत आरसा, बाहेर कुलूप

बैठकीच्या खोलीतलं बहुतेक सामान आपलं काम उघड्यावर करतं. खुर्चीवर माणूस बसतो, टेबलावर कप टेकतो, शोकेस तर दाखवण्यासाठीच असते. बार कॅबिनेटचं तसं नाही. बंद असताना त्यानं चारचौघांत बसणाऱ्या कपाटासारखं सभ्य दिसायचं असतं. दार उघडलं की आत आरसा, काचेच्या फळ्या, पेल्यांसाठी खाचा, आणि दाराबरोबर आपोआप लागणारा दिवा. बाहेरची बाजू ज्यांना कळू नये त्यांच्यासाठी आणि आतली बाजू ज्यांना बोलावलं आहे त्यांच्यासाठी, अशी एकाच वस्तूची दोन तोंडं. विसाव्या शतकाच्या मध्यातली, ढोबळमानानं १९३३ ते १९७० या काळातली अशी कपाटं आणि त्यांच्या आगेमागे घरात शिरलेलं पितळी सामान हा या पुस्तकाचा विषय आहे.

या वस्तू आज ‘व्हिंटेज’ म्हणून विकल्या जातात. जुनं लाकूड, निमुळते पाय, पायांना पितळी टोप्या, एवढ्यावर सौदा होतो आणि कपाट नव्या फ्लॅटमध्ये जाऊन उभं राहतं. त्याच्या देखणेपणाबद्दल माझी तक्रार नाही. त्या देखणेपणापायीच मीही या विषयात शिरलो. पण जितकी कपाटं उघडून पाहिली तितकं एक पक्कं होत गेलं. दार वर उघडावं की खाली पडावं, कुलूप दिखाऊ असावं की खरं, आरसा पाठीला लावावा की दाराला, यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच प्रश्नातून ठरलेली असते: घरात दारू आहे हे कुणाला दिसावं आणि कुणाला दिसू नये? या प्रश्नाचं उत्तर मिलानमध्ये एक होतं, न्यूयॉर्कमध्ये दुसरं आणि मुंबईत तिसरंच. कपाटाचा घाट त्या उत्तराप्रमाणे बदलला. पुस्तकाचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

लपवण्याची ही रीत मध्यशतकाच्या बरीच आधीची. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वाइनच्या बाटल्यांसाठी कुलुपाची लाकडी पेटी जेवणघरात ठेवत. एकोणिसाव्या शतकात ‘टँटलस’ नावाची चीज आली. लाकडी चौकटीत तीन काचेच्या सुरया मांडलेल्या आणि त्यांच्या मानेवरून जाणारा एक दांडा कुलपानं बंद केलेला. जॉर्ज बेटजेमन यांच्या लंडनच्या कारखान्यानं १८८० च्या दशकाच्या आरंभी तिचं पेटंट घेतलं. सुरईतली दारू दिसते, पण मालकाच्या किल्लीशिवाय बाहेर निघत नाही. इथं राखण पाहुण्यांपासून नव्हती, नोकरांपासून होती. त्याच शतकात हिंदुस्थानात येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी प्रवासी फर्निचर बनत होतं: दोन तुकड्यांत सुटणारी ड्रॉवरची कपाटं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, लाकडात बुडवलेल्या पितळी मुठी, म्हणजे बैलगाडीत किंवा जहाजात रचताना काही अडकू नये. बुडवलेल्या मुठीमागं ही सोय होती. शंभर वर्षांनी अमेरिकेतल्या फर्निचरवाल्यांनी तीच मूठ शोभेसाठी उचलली. तोवर बैलगाडीचा संबंध कुणाच्या ध्यानात राहिला नव्हता.

आपल्या काळाची सुरुवात मात्र अमेरिकेतल्या दारूबंदीपासून धरावी लागते. अठरावी घटनादुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून बंदी अमलात आली. तिचा नेमका मजकूर ध्यानात घ्यायला हवा. दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं हा गुन्हा होता. आधीची घरात असलेली दारू घरात पिणं हा गुन्हा नव्हता. परिणाम असा झाला की पिण्याची जागा गुत्त्यातून घरात आली. चोरट्या दारूची वाईट चव झाकायला फळांचे रस, सरबतं आणि कडवट अर्क मिसळण्याची सवय वाढली, आणि मिसळायचं म्हटलं की भांडी, बर्फ, पेले आणि उभं राहून काम करायला एक छोटा ओटा लागतो. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली तेव्हा ही सवय घरातच राहिली. मग तिला साजेसं फर्निचर उजळ माथ्यानं बनू लागलं. १९३० च्या दशकातली आर्ट डेको कॉकटेल कॅबिनेटं ही त्या उघड होण्याची पहिली पिढी. गोलाईचे कोपरे, अक्रोडाचं व्हीनियर, आणि झाकण वर उचललं की आतला मजला यंत्रानं वर येणारा. झाकायचं कारण संपलं होतं, झाकण मात्र राहिलं. उघडण्यात गंमत असते, हे तोवर कारागिरांना आणि गिऱ्हाइकांना कळून चुकलं होतं.

मुंबईला ही हवा लागायला वेळ लागला नाही. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेच्या इमारती त्याच दशकात उभ्या राहत होत्या. रीगल सिनेमा १९३३ चा, इरॉस १९३८ चा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं आणि फ्लॅटमधला संसार कसा मांडावा याचे नमुने लोकांसमोर ठेवले. वाड्यातून आणि चाळीतून फ्लॅटमध्ये येणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच हॉल मिळत होता. त्या हॉलमध्ये काय ठेवायचं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

युद्धानंतरची दोन दशकं हा या पुस्तकाचा मधला आणि सर्वांत भरलेला भाग आहे. त्यात इटलीला मोठी जागा दिली आहे. मिलानच्या उत्तरेला ब्रिआंझा हा सुतारांचा प्रदेश. कांतू आणि लिस्सोने या गावांत पिढ्यान्‌पिढ्या फर्निचरच बनत आलं. मिलानचे वास्तुकार आरेखन करायचे आणि ही गावं ते लाकडात उतरवायची. ‘दोमुस’ हे मासिक १९२८ मध्ये सुरू करणारे जिओ पोंती आणि चित्रकार पिएरो फोर्नासेत्ती यांनी १९५१ च्या मिलान त्रिएन्नालेत ‘आर्किटेत्तुरा’ नावाचं कपाट मांडलं. ते लिहिण्याचं कपाट होतं, बार नव्हे. पण दाराचा खेळ समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. बाहेरून त्यावर जुन्या इटालियन प्रासादाचा दर्शनी भाग छापलेला आणि झडप पाडली की आतही वास्तूच, दालनांची. ओस्वाल्दो बोर्सानी यांनी लुचिओ फोंतानासारख्या कलावंतांना बरोबर घेऊन घरगुती फर्निचर केलं आणि १९५३ मध्ये ‘टेक्नो’ ही कंपनी काढून ते कारखानदारीकडे वळले. आल्दो तूरा यांनी बकऱ्याचं कातडं रंगवून, त्यावर लॅकरचे हात चढवून लाकडावर मढवलं. त्यांची हिरवी, लाल, तपकिरी बार कॅबिनेटं आणि ट्रॉल्या आजही लिलावांत दिसतात. इटालियन कपाटाला लाज अशी नाहीच. वाइन तिथं जेवणाचा भाग, ती कुणापासून लपवायची? दार असतं ते नाट्यासाठी. म्हणून आतला दिवा आणि आरसा इथं सर्वांत दिमाखदार.

अमेरिकेतलं उत्तर जरा घुटमळणारं आहे. बंदी उठली तरी अनेक परगण्यांत आणि अनेक घरांत संकोच टिकून होता. इंडियानातल्या बर्न गावच्या ‘डनबार’ कंपनीसाठी एडवर्ड वर्मली यांनी केलेली कपाटं पाहिली तर बार कुठला आणि चादरींचं कपाट कुठलं हे बाहेरून ओळखता येत नाही. जर्मनीतून न्यूयॉर्कला आलेल्या टॉमी पार्झिंगर यांनी उलट केलं: लॅकरच्या गुळगुळीत दारांवर पितळी घुंड्यांच्या नक्षीच्या ओळी, म्हणजे बंद दारच बघत राहावं. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या ‘मास्टरक्राफ्ट’नं सत्तरच्या दशकात पितळाचा वापर इतका वाढवला की लाकूड मागं पडलं. त्या टोकाला आपला काळ संपतो. डेन्मार्कचं प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलं आहे. डॅनिश सुतारांनी सागवानाला जगभर मान मिळवून दिला, पण त्यांच्या कपाटांत पितळ फार थोडं. किल्लीच्या भोकाभोवतीची एखादी चकती, कधी बिजागरी, एवढंच.

ट्रॉलीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. पितळी नळ्यांच्या चौकटीत काचेच्या दोन फळ्या आणि चार चाकं, अशी ही गाडी युद्धानंतर इटली, फ्रान्स आणि अमेरिका तिन्हीकडे लोकप्रिय झाली. तिला दारच नाही. युरोपातल्या मध्यमवर्गीय घरांतून नोकर नाहीसे होत होते, फ्लॅट लहान होत होते, आणि यजमानालाच पेले घेऊन पाहुण्यांपर्यंत जायचं होतं. ज्या घरात नोकरापासून लपवायचं उरलं नाही, त्या घरात टँटलसचं कुलूपही उरलं नाही. पितळी ट्रॉलीचा उघडेपणा तिथून आला.

आता पितळाविषयी. मराठी वाचकाला या धातूची ओळख करून द्यावी असं नाही. नाशिकचा भांडी बाजार, पुण्याची तांबट आळी, देवघरातली समई आणि निरांजन, न्हाणीघरातला बंब हे सगळं आपल्या घरादारातलं. पण फर्निचरचं पितळ जरा वेगळ्या वाटेनं आलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असेल तर पत्रा थंड असतानाच ओढता, वाकवता, खोल दाबता येतो. काडतुसांच्या पुंगळ्या याच पितळाच्या होतात. जस्त चाळीस टक्क्यांवर गेलं की धातू कठीण होतो आणि तापवून घडवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं तांब्याच्या नागरी वापरावर निर्बंध आणले आणि कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीसारख्या ‘पितळनगरी’ शस्त्रसाहित्याकडे वळल्या. युद्ध संपल्यावर तोच पातळ पत्रा आणि त्याच बारीक नळ्या पुन्हा घराकडे आल्या. मध्यशतकाच्या फर्निचरमधलं पितळ ओतलेलं कमी आणि ओढलेलं जास्त असण्याचं हे एक कारण आहे. निमुळत्या पायाची टोपी हाताळून पाहा. भिंत जाड नसते. ती टोपी नुसती शोभाही नसते. पायाच्या टोकाला लाकडाचे तंतू उघडे असतात आणि ते फरशीवरचं पाणी ओढून घेतात. टोपी ते अडवते.

या ओढलेल्या पितळाचा एक दोष हिंदुस्थानातच उघडकीला आला. ब्रिटिश फौजेच्या इथल्या साठ्यातली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. बरीच कोठारं तबेल्यांजवळ होती. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि धातू ओढताना त्यात राहून गेलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की पितळाला चिरा जातात. अमोनियाचा हात त्यात असल्याचं १९२१ मध्ये सिद्ध झालं. ओढल्यावर धातू बेतानं तापवून त्यातला ताण काढला की धोका बराच टळतो. प्रत्येक छोट्या कारखान्यानं तेवढी काळजी घेतली असेलच असं नाही. म्हणून आरसा आणि काचेच्या फळ्या पुसायला अमोनियाचा फवारा वापरणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कापड आधी बाहेर ओलं करा आणि पितळी कडांपासून ते दूर ठेवा.

आरशाचंही असंच आहे. तो फक्त मिरवण्यासाठी लावला असं समजणं चूक ठरेल. त्या काळातल्या चांगल्या लाकडावर लाखेचं पॉलिश असे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं हातावर हात मारत ते चढवतात. जी लाख स्पिरिटमध्ये विरघळते ती व्हिस्कीलाही दाद देते. दोन थेंब पडून राहिले की पॉलिश मऊ होतं आणि पांढरा डाग उठतो. म्हणजे पेला भरण्याची जागा लाकडाची असूच शकत नव्हती. काच, आरसा, पितळी पत्रा, पुढं फॉर्मायकासारखा लॅमिनेट हे सगळं त्या गरजेतून आत आलं आणि मग त्याची शोभा झाली. कपाट खरंच वापरातलं होतं की नुसतं दिखाऊ, हे ठरवायला मी आधी आतल्या फळीची कड पाहतो. वापरातल्या कपाटात तिथं पॉलिश हमखास गेलेलं असतं.

मुंबईचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब झालं आहे, आणि ते लांब होणं भागच होतं. जगात इतरत्र बार कॅबिनेट बहरत होतं नेमक्या त्याच काळात मुंबई कोरडी होती. काँग्रेस मंत्रिमंडळानं १ ऑगस्ट १९३९ रोजी शहरात दारूबंदी आणली, पण काही महिन्यांत मंत्रिमंडळानंच राजीनामा दिला आणि ती रखडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. अमेरिकेशी तुलना केली तर एक फरक फार मोठा होता. तिथं घरातली बाटली कायद्याच्या बाहेर होती. इथं परवान्याशिवाय दारू जवळ बाळगणं हाच गुन्हा. न्यूयॉर्कच्या कपाटाचं दार शेजाऱ्याच्या नजरेसाठी बंद होतं, मुंबईचं पोलिसांसाठी. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्ये अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीतून सोडवली, पण व्हिस्की-ब्रँडीवरची बंदी कायम ठेवली.

कायद्यात वाटा होत्या. परदेशी पाहुण्यांना परवाना मिळे. डॉक्टरच्या दाखल्यावर प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळे, आणि त्यावर महिन्याची युनिटं मोजून दिली जात. ज्या घरात परवाना होता त्या घरातल्या कपाटाला एक नवीन काम लागलं: मोजक्या साठ्यावर पहारा ठेवण्याचं. त्यामुळे या काळातल्या मुंबईच्या कपाटांत बाटल्यांची जागा बेताची, कुलूप मात्र जाड आणि खरं असेल, तर मला त्याचं नवल वाटत नाही. याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी फर्निचरवाल्याखेरीज कुणाच्या नजरेत भरणार नाही. विकृत स्पिरिटपासून बनवलेल्या पदार्थांच्या व्याख्येत लॅकर आणि व्हार्निशबरोबर फ्रेंच पॉलिशचंही नाव आहे. पिण्याच्या दारूला पर्याय म्हणून लोक काय काय पोटात घालतील याचा विचार कायदा करणाऱ्यांना करावा लागला होता. बाटली ठेवणारा आणि कपाटाला पॉलिश मारणारा, दोघंही एकाच कायद्याखाली आले.

मुंबईतला सर्वांत जास्त पाहिला गेलेला बार मात्र कुणाच्या घरात नव्हताच. तो पडद्यावर होता. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी सिनेमात श्रीमंताच्या दिवाणखान्यात गोलाईचा काउंटर, मागं आरसा आणि बाटल्यांची आरास हमखास असे. कोरड्या शहरातल्या स्टुडिओत, त्याच शहरातल्या सुतारांनी उभे केलेले हे सेट. श्रीमंती, एकटेपणा आणि खलनायकी अशा तिन्ही गोष्टींसाठी तो एकच काउंटर कामी येई. परवाना नसलेल्या लाखो प्रेक्षकांनी बार कॅबिनेट कसं दिसतं हे तिथं पाहिलं. सत्तरच्या दशकात बंदी बरीच सैल झाल्यावर उपनगरांतल्या फ्लॅटमध्ये जी बार युनिटं आली, त्यांचा घाट मला मिलानपेक्षा अंधेरीच्या स्टुडिओतल्या सेटजवळचा वाटतो. चौथ्या प्रकरणातली छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून वाचकांनी स्वतः ठरवावं.

आणि मराठी मध्यमवर्गीय घर? तिथं हे कपाट फारसं आलंच नाही, आणि न येण्यालाही इतिहास आहे. अमेरिकेनं दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर केली त्याच १९१९ साली राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. लेखक ते पाहायला उरले नव्हते. पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात बाटली म्हटलं की त्या नाटकातल्या सिंधूचा उद्ध्वस्त संसार उभा राहायचा. अशा घरात बाटलीसाठी खास कपाट करून घेणं म्हणजे अपराधाचं स्मारक बांधण्यासारखं झालं असतं. म्हणून बाटली असलीच तर ती गोदरेजच्या लोखंडी कपाटात कपड्यांमागं, नाहीतर पुस्तकांच्या मागच्या रांगेत. पारशी, गोवेकर आणि ईस्ट इंडियन घरांत ही अडचण नव्हती. १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यात तर बंदीच नव्हती. तिथल्या घरांत काचेचे मोठे गोल बाटले आणि पेल्यांची कपाटं जेवणघरात राजरोस उभी असत. एकाच किनाऱ्यावर दोनशे कोसांच्या आत एवढा फरक. तो ध्यानात घेतल्याशिवाय ‘भारतीय बार कॅबिनेट’ असं सरसकट म्हणता येत नाही, आणि या पुस्तकात तसं म्हटलेलं नाही.

आणखी एक उलटापालट याच वर्षांतली. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आलं. पितळी पातेली, पराती, डबे मोडीत गेले, कल्हईवाल्याचा आवाज विरळ होत गेला. पितळ नको झालं कारण त्याला घासणं होतं आणि ते घासणं बाईच्या वाट्याला होतं. नेमक्या त्याच काळात पाश्चात्त्य दिवाणखान्यात पितळ चैनीची खूण झालं, कारण तिथं ते लॅकर चढवून आणलेलं, न घासता चमकणारं होतं. आज आपल्याकडे पितळ परत येतंय ते स्वयंपाकघरात नाही, हॉलमध्ये. आजीच्या घरातल्या पितळाबद्दल जिव्हाळ्यानं बोलणाऱ्यांनी ते कुणी घासलं हेही आठवावं, एवढाच आग्रह मी त्या प्रकरणात धरला आहे.

पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग कामाचा आहे: वस्तू पारखायची कशी आणि सांभाळायची कशी. मुंबईत अशी कपाटं मिळतात ती चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. दोन्हीकडे खरं जुनं, जुन्या लाकडाचं नवं आणि निव्वळ नवं असा तिन्ही प्रकारचा माल एका रांगेत असतो. पितळ म्हणून दाखवलेल्या भागाला लोहचुंबक लावावं. चिकटलं तर लोखंडावर मुलामा आहे, म्हणजे वाईटच असं नाही, पण किंमत वेगळी. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नये. ते स्क्रू १९३० च्या दशकापासून चालत आले आहेत. मात्र सगळेच नवे आणि एकसारखे असतील तर बिजागरी बदललेली आहे. सांध्यातला डिंक पाहावा. जुन्या कामात सरस असतो, जनावरांच्या कातड्यापासून केलेला, ऊब आणि ओल मिळाली की सैल होणारा. फेव्हिकॉल आलं १९५९ मध्ये. ‘चाळीसच्या दशकातलं’ म्हणून सांगितलेल्या कपाटाच्या सांध्यात पांढरा डिंक सापडला, तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा गोष्ट रचलेली आहे. सरसाचा सैलपणा दोष वाटतो, पण दुरुस्तीच्या वेळी तोच कामी येतो, कारण सांधा न तोडता सोडवता येतो. मुंबईच्या हवेत व्हीनियरला फुगवटे येतात तेव्हा गरम इस्त्री आणि ओलं फडकं एवढ्यावर पुष्कळदा भागतं, आणि ते या सरसामुळेच.

सांभाळण्यातली मोठी चूक पितळाच्या बाबतीत होते. आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. भांड्याला ते योग्यच आहे. चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं. पण फर्निचरच्या पितळावर बहुधा लॅकरचा पातळ पापुद्रा असतो. घासलं की तो तुकड्या-तुकड्यानं निघतो आणि उघड्या पडलेल्या जागी काळ्या रेघा धरतात. मग एक तर उरलेलं लॅकर पूर्ण काढून पितळ उघडं ठेवायचं, किंवा कोरड्या मऊ कापडापलीकडे काही करायचं नाही. अर्धवट मार्ग नाही. उघड्या पितळाचा मंदावलेला रंग मला तरी चकाकीपेक्षा बरा वाटतो, पण ही आवड आहे, नियम नव्हे.

या पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवं. किमती नाहीत, कारण त्या दर हंगामाला बदलतात. पेयांच्या कृती नाहीत. कपाटांच्या मूळ मालकांची नावं दिलेली नाहीत. ज्यांनी घरं उघडून दाखवली त्यांनी तशी अट घातली होती आणि विषय पाहता ती रास्त होती. मुंबईच्या सुतारांची नावंही जवळजवळ नाहीत, पण ती मात्र खरी उणीव आहे. मिलानच्या कारागिराच्या कामावर शिक्का असतो, मासिकात छायाचित्र असतं. आपल्याकडे परदेशी मासिकातलं चित्र दाखवून ‘असं करून दे’ म्हटल्यावर ज्यानं ते इथल्या सागवानात, इथल्या पितळात आणि इथल्या हवेला टिकेल असं करून दिलं, त्याचं नाव कपाटावर कुठंच नाही. फळीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेली मापं आणि क्वचित एखादा तारखेचा आकडा, एवढाच त्याचा पुरावा.

महाराष्ट्रात १९४९ चा तो कायदा अजून लागू आहे. हॉटेलांवर ‘परमिट रूम’च्या पाट्या त्यामुळेच आहेत, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. असं असूनही नव्या फ्लॅटमधला बार आता काचेचा, उघडा, खालून उजळलेला असतो; त्याला दार ठेवायची गरज कुणाला वाटत नाही. ही मोकळीक चांगलीच आहे. पण त्यामुळे जुन्या कपाटाचं दार हे आता पुरावा झालं आहे. एका शहराला सत्तर वर्षांपूर्वी कशाची चोरी होती, कुणाची भीती होती आणि त्यातूनही कशाची हौस होती, ते त्या दाराच्या बांधणीत वाचता येतं. दुकानदार ‘मोकळं दिसेल’ म्हणून दारं काढून काचा बसवून देतात, तेव्हा नेमकं तेच जातं.

पुस्तक क्रमानं वाचावं असं नाही. इतिहासाची आवड असलेल्यांनी मुंबईच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. ज्यांच्या घरी असं एखादं कपाट आधीच आहे, त्यांनी मात्र शेवटचा भाग आधी वाचावा, आणि तो वाचून होईपर्यंत पॉलिशवाल्याला फोन करू नये.